हाताला बसेल अशी मूठ

नेम चुकला की माणूस आधी मुठीला शिव्या घालतो. स्वतःचा हात, स्वतःचा डोळा, आदल्या रात्रीचं जागरण, सकाळी बायकोशी झालेलं भांडण, यातलं काहीही त्याला आठवत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. मग तो रिव्हॉल्व्हर पेटीत घालून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "बाई, ही मूठ काही बरोबर नाही." मी म्हणते, "बसा." हत्यार रिकामं आहे ना ते त्याच्यासमोर दोनदा बघते आणि त्याच्या हातात मातीचा गोळा ठेवते.

माझा धंदा एवढाच. पोलादाचं काम कारखान्यात होतं, त्यात मी नाक खुपसत नाही. पण हातात धरायचा जो भाग, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने बसणाऱ्या लाकडाच्या दोन फाका, त्या मी करते. कारखान्यातून येणारी मूठ सगळ्यांच्या सरासरीची असते, आणि सरासरीचा हात घेऊन आजवर माझ्या दुकानात कुणी आलेलं नाही. बँकेच्या पहारेकऱ्याची बोटं एवढी जाड की एकावर एक चढायची, त्याला मी बोटांच्या खाचा काढून टाकून सपाट मूठ दिली. एका सराफाला पांढरीशुभ्र, आरशासारखी गुळगुळीत मूठ हवी होती. म्हटलं, घाम आला की ती साबणाच्या वडीसारखी सुटेल, मग चोराला काय दाखवाल, चकाकी? त्याने तीच करून घेतली. हौसेला मोल नसतं. आणि एक पोलिसातली बाई आली होती, तिचं बोट चापापर्यंत नीट पोचतच नव्हतं. मी मागचं लाकूड तासून कमी केलं. तिने रिकामं हत्यार धरून दोन-तीनदा चाप ओढून बघितला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं माझाच हात छोटा आहे."

माती मळण्याची पद्धत बाबांची. ते नेमबाजीच्या क्लबची हत्यारं दुरुस्त करायचे. कणकेपेक्षा जरा घट्ट माती, लोखंडी सांगाड्याभोवती थापलेली. नेम धरल्यासारखी ती धरायची आणि आवळायची. मग त्या मातीत सगळं वाचता येतं. बोटांची टोकं सगळ्यात खोल जातात, त्याखालोखाल अंगठ्याचा तळ, मधली पेरं वरवर. घाबरट माणसाचा अंगठा जास्त रुततो. फुशारक्या मारणाऱ्याची करंगळी उमटतच नाही. बाबा म्हणायचे, माणूस बोलतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं, मातीतलं सगळं घ्यावं.

आम्ही दोघं भावंडं. दादाच्या हाताला लाकूड कधी वश झालं नाही. तो स्टूल करायला घ्यायचा आणि तीन पायांवर थांबायचा, चौथा जमायचाच नाही. पण नेमबाजीत त्याचा हात असा स्थिर की बाबा बघत राहायचे. मग वाटणी आपोआप झाली, हत्यार त्याचं आणि मूठ माझी. तो मला 'सुतारीणबाई' म्हणायला लागला, तेच नाव पडलं. पुढे तो त्याच क्लबात प्रशिक्षक झाला. नवी माणसं यायची, हात थरथरत असायचे, आणि हा त्यांच्या उजवीकडे उभा राहून हळू आवाजात सांगायचा, श्वास सोड, घाई नाही, गोळी कुठे पळून जात नाही. मुठीला दोष देणाऱ्यांची तर तो अशी फिरकी घ्यायचा की विचारू नका. "क्लबात या आणि सुतारीणबाईचं दुकान चालवा," म्हणायचा.

म्हणून ज्या दिवशी दादा माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "ही मूठ काही बरोबर वाटत नाही गं," त्या दिवशी मी आधी हसले.

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"खरंच. निसटते जरा."

मी मूठ थोडी बारीक करून दिली. महिन्याभराने परत आला. म्हणाला, आता गुळगुळीत लागते. मी दोन्ही फाकांवर बारीक आडव्याउभ्या रेघा कोरून दिल्या, हात धरून राहावा म्हणून. तेही भागलं नाही. मग त्याने स्वतःच रबरी मूठ मागितली, जिला तो जन्मभर 'सायकलची मूठ' म्हणून नावं ठेवत आला. रबर धक्का सोसतं, मनगटाला बरं पडतं, वय झालं की बरेच जण घेतात. मी बसवून दिली. वय झालं असेल, म्हटलं. माझंही झालंय.

दुकानात आला की चहा घेईना. पित्त वाढलंय म्हणे. सदऱ्याऐवजी गळ्यातून घालायचे बिनबटणांचे बनियनसारखे कपडे घालायला लागला, तेव्हा मी थट्टा केली, "वा, तरुण झालास." तोही हसला. वहिनी त्याच्याबरोबर यायची आणि दाराशीच उभी राहायची. माझी वहिनी त्या हत्याराचा इतका तिटकारा करायची की संसारभर तिने ते कपाटातून इकडचं तिकडे केलं नाही. ती आता दर वेळी बरोबर का येते, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मातीतलं वाचणारी मी, समोरचं काही वाचलं नाही.

वर्षातून एकदा क्लबात प्रशिक्षकांची चाचणी असते. ठरावीक गोळ्या, ठरावीक वर्तुळ. उतरलं तर वर्षभर रेंजची किल्ली आपल्याकडे, नाही उतरलं तर किल्ली द्यायची आणि घरी बसायचं. दादाला घरी बसणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. चाचणी तोंडावर आली तेव्हा तो म्हणाला, "नवी मूठ कर. अक्रोडाची. बाबांनी ठेवलेला तुकडा आहे ना, त्याची. एक वर्ष अजून काढू दे मला, मग सोडतो."

"ठसा दे मग," मी म्हटलं.

"माती घरी दे. निवांत देतो."

हे नवीनच होतं. पण भाऊ आहे, दिली माती. दोन दिवसांनी वहिनी एकटीच आली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला ठसा टेबलावर ठेवून गेली. बसलीसुद्धा नाही.

मी फडकं सोडलं. ठसा चांगला खोल होता. मला आधी बरं वाटलं. बाबांच्या तुकड्यावर मापाच्या खुणा करायला घेतल्या आणि पेन्सिल थांबली. बोटांच्या टोकांशी मातीवर नुसता डाग होता. मधली पेरं मात्र खोल रुतली होती, चारही. अशी मूठ कुणी आवळत नाही. स्वतःच्या जोराने आवळलं तर टोकं आधी रुततात. ही बोटं आवळलेली नव्हती, बाहेरून दाबलेली होती. मी ठसा खिडकीपाशी नेला. खालच्या काठाला, दादाची करंगळी संपते तिथे, आणखी एका बोटाचं टोक उमटलं होतं. बारीक, थोडं नख वाढलेलं.

ते वहिनीचं बोट होतं. दादाने माती हातात घेतली होती, आणि ज्या बाईने त्या हत्याराला कधी हात लावला नाही तिने त्याच्या मुठीवर आपली मूठ धरून, असेल नसेल तो जोर लावून ती दाबली होती. माझ्यासाठी. मला कळू नये म्हणून.

मी ठसा खाली ठेवला. चहा, कपडे, पित्त, सगळं एकेक करून आठवत गेलं आणि मला माझाच राग आला.

आता खरं सांगायचं तर मला एक मूठ येते. बाबांनी एकदा हाताला मार लागलेल्या शिपायासाठी केली होती, ती मी जवळून बघितली आहे. मागचा भाग उंच ठेवायचा, म्हणजे अंगठ्याची बेचकी त्यात अडकते. खाली करंगळीला टेकायला फळी काढायची. पुढे पितळेचं वजन, म्हणजे नळी वर उसळत नाही. अशी मूठ हाताने धरावी लागत नाही, तीच हाताला धरून ठेवते. ती केली असती तर दादा कदाचित चाचणीत उतरला असता. मी तिचं चित्रही काढलं. चित्र चांगलं जमलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं. कारण चाचणी एका दिवसाची, आणि किल्ली वर्षभराची. त्या वर्षभरात त्याच्या डावीकडे नवी माणसं उभी राहणार. गोळी सुटली की धक्का बसतो, नळी उठते, आणि ढिल्या हातात ती कुठे वळेल हे कुणीही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माती घेऊन त्यांच्या घरी गेले. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा.

"झाली मूठ?" त्याने विचारलं.

"नाही. ठसा तडकला. परत घ्यायचाय."

वहिनी लगेच उठली. "आत घेऊ या का? इथे जमीन खराब होईल."

"होऊ दे खराब. मी पुसून देईन. तू बस, वहिनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बसली. दादाने दोघींकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. तरी त्याने हात पुढे केला. मी माती थापलेला सांगाडा त्याच्या तळहातावर ठेवला, बोटं त्याच्याभोवती वळवून दिली आणि हात काढून घेतला.

त्याने नेम धरताना बघतो तसं समोर बघितलं. श्वास घेतला, अर्धा सोडला. त्याच्या कानशिलावरची शीर फुगली, खांदा हलायला लागला. इतका जोर लावताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. वहिनीने पदराचा बोळा मुठीत धरला होता आणि ती जमिनीकडे बघत होती.

"हं," तो शेवटी म्हणाला. "घे."

मी घेतला. गोळा मी थापला होता तसाच होता. त्याच्या तळहाताच्या रेषा मातीवर स्वच्छ उठल्या होत्या, अगदी बारीकसारीक. बाकी काही नव्हतं.

"म्हणजे मूठ बदलून भागणार नाही," दादा म्हणाला.

"नाही."

"डॉक्टर नसांचं म्हणतात. गेलेला जोर परत येत नाही म्हणतात." त्याने गोळ्याकडे बघितलं. "बाबांनी त्या शिपायाला केली होती ती? ती येते तुला."

"येते."

"मग?"

"तुझ्या डावीकडे नवी माणसं उभी असतात, दादा."

वहिनी ओलं फडकं आणून त्याचा तळहात पुसायला लागली, एकेक बोट उघडून. तो तिला पुसू देत होता आणि माझ्याकडे बघत होता.

"पहिल्या दिवशी मी त्यांना काय सांगतो, आठवतं?" तो म्हणाला.

"आठवतं. ज्याला हत्यार धरवत नाही त्याने ते खाली ठेवावं, त्यात लाज नाही."

"सांगायला सोपं असतं गं ते." मग आवाज चढवून म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अजून थोडे दिवस झाकून ठेवली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?"

नवी माणसं वगैरे खरं होतं, पण ते याचं उत्तर नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दादाही रडला. त्याला डोळे पुसता येत नव्हते, ते वहिनीनेच पुसले, त्याच फडक्याने, आणि त्याच्या गालावर थोडी माती लागली.

फडकं बाजूला ठेवून वहिनी म्हणाली, "वन्सं, चमच्याला मूठ बसवता येते का हो?"

"अगं, कशाला आता..." दादा म्हणाला.

"असू दे. त्यांना कळलंय सगळं." ती माझ्याकडे वळली. "चमचा सुटतो ह्यांचा. मी भरवते, दार लावून घेऊन. कुणी आलं तर म्हणतो, जेवून घेतलं. कालच शेजारी दोन तास बसले, हे उपाशीच."

मी म्हटलं, "येते."

त्या आठवड्यात दादाने किल्ली आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही क्लबात जमा केली. चाचणीची वाट बघितली नाही. देण्याआधी माझ्याकडे आणून रबरी मूठ उतरवून घेतली आणि कारखान्याची जुनी बसवून घेतली. म्हणाला, "सरासरीचा माणूस झालो." मी स्क्रू आवळत होते, मान वर केली नाही.

बाबांच्या अक्रोडाच्या तुकड्याची मी चमच्याची मूठ केली. ठसा तोच घेतला, ज्यावर नुसत्या रेषा होत्या. खाचा काढण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून सरळ, जाड आणि आतून पोकळ ठेवली, वजन नको म्हणून. हाताच्या पाठीवरून जाणारा मऊ चामड्याचा पट्टा लावला. रिव्हॉल्व्हरला क्लबात पट्टा चालत नाही. चमच्याला नियम नाहीत.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे जेवायला गेले. वहिनीने दार लावलं नाही. दादाने चमचा वाटीत घातला, उचलला, तो वाटेत कलला आणि निम्मं त्याच्या कपड्यांवर सांडलं.

"सुतारीणबाई," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ही मूठ काही बरोबर नाही."

वहिनी अशी हसली की तिला ठसका लागला. मग पुढचा घास त्याने तोंडापर्यंत नेला, आणि त्याच्या पुढचाही. जेवायला फार वेळ लागला. आम्ही कुणी उठलो नाही. मला वाटतं बाबांकडून शिकल्यापासून माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि त्याचं मला सुख झालं असं मात्र म्हणवत नाही.

ते काही महिने चाललं. मग मनगट गेलं, मग कोपर. मी अधूनमधून जायची, पट्टा घट्ट करून द्यायची, पुढे पुढे त्याला हात लावायचं काम उरलं नाही. दादाचं बोलणंही तुटक झालं. 'सुतारीणबाई' हा शब्द त्याला लांब पडायला लागला, म्हणून तो नुसतं 'बाई' म्हणायचा, माझ्या गिऱ्हाइकांसारखं.

मागच्या आठवड्यात वहिनी दुकानात आली. एकटी. या वेळी बसली. पिशवीतून चमचा काढून टेबलावर ठेवला. अक्रोडाचं लाकूड हात लागून काळपट झालं होतं, चांगल्या मुठीचं होतं तसं.

"ही जरा बारीक करून द्याल?" तिने विचारलं.

"का? जड होते त्याला?"

"त्यांना नाही. माझ्या हाताला मोठी पडते. घास भरवताना फिरते."

मला समजलं. तरी जीभ माझी, ती आधी चालते. म्हटलं, "अगं, घरात चमचे काय कमी आहेत? साध्या चमच्याने भरव ना."

"बघितलं भरवून," ती म्हणाली. "दुसऱ्या चमच्याने घेत नाहीत. तोंड मिटून घेतात."

मी चामड्याचा पट्टा सोडवून बाजूला ठेवला. मग माती घेतली, मळली, आणि तिच्या हातात दिली. कसं धरायचं ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तिने आवळलीसुद्धा. बोटांची टोकं खोल गेली, त्याखालोखाल अंगठ्याचा तळ, मधली पेरं वरवर. मी कानस घेतली आणि दादाच्या हातासाठी केलेलं ते लाकूड वहिनीच्या हाताच्या मापाचं करायला बसले.